तबय्युन : शेजाऱ्याचे मन वाचताना

संत तुकाराम नगरात राहणाऱ्या माणसाला मृत्यू परका नसतो. ज्याला सारे शहर 'वायसीएम' म्हणून ओळखते, ते महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय याच नगरात आहे. भोसरी, चाकण आणि पिंपरीच्या कारखान्यांत पोट भरण्यासाठी आलेली लातूर-बीडची, विदर्भाची, उत्तर प्रदेश-बिहारची माणसे इथल्या आवारात आपल्या माणसाच्या बातमीची वाट पाहत बसलेली असतात. कोणी मोठ्याने आक्रोश करतो, कोणी भिंतीकडे पाहत गप्प राहतो. जाणारा-येणारा मात्र क्षणभरात निकाल देऊन मोकळा होतो : ह्याला दुःख झाले, त्याला झालेले दिसत नाही. चेहरा आपण पाहिलेला असतो हे खरे. पण त्याचा अर्थ आपण आपल्याच घरून आणलेला असतो.

वाचकहो, या लेखाचा विषय तो घरून आणलेला अर्थ हा आहे. पुढील प्रसंग माझ्या घरातील आहे. तो सांगणे भाग आहे, कारण त्यातील पहिली चूक माझी होती.

माझ्या वडिलांचे निधन पहाटे फज्रच्या सुमारास झाले. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी जनाजा लवकर नेण्याची ताकीद दिली आहे, बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती आदरणीय अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून आलेली आहे. त्यानुसार गुस्ल आणि कफन उरकून जोहरच्या नमाजनंतर आम्ही दफनविधी पार पाडला. समोरच्या दारातील शेजारी, ज्यांच्याशी आमचा वीस वर्षांचा घरोबा आणि ज्यांना वडील धाकट्या भावासारखे मानीत, ते त्या दिवशी पहिल्या पाळीला गेलेले होते. त्यांना दोनदा फोन लावला, तो उचलला गेला नाही. दुपारी चारच्या सुमारास ते परतले. त्यांच्या मातोश्री संध्याकाळी पिठले-भाकरी घेऊन आल्या आणि माझ्या आईजवळ बराच वेळ बसल्या. ते स्वतः मात्र आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही आणि तिसऱ्या दिवशीही नाही.

घरात गावाकडचे पाहुणे होते. त्यांतील एकाने विचारले की, ज्यांचे एवढे कौतुक सांगत होता, ते तुमचे शेजारी कुठे आहेत? मला उत्तर देता आले नाही. पाहुण्यांसमोर मान खाली गेली आणि मन त्या क्षणापर्यंत जे म्हणत नव्हते ते म्हणू लागले : शेवटी परके ते परकेच. मला वाटले, आपल्याला एक सत्य उमगले. वास्तविक ती माझी दुखावलेली प्रतिष्ठा बोलत होती, आणि तिने शेजाऱ्याचा आवाज उसना घेतला होता.

चौथ्या दिवशी आईने मला एकच प्रश्न केला : त्यांना विचारलेस का? ती इद्दतमध्ये असल्याने स्वतः जाऊ शकत नव्हती. मी गेलो. कारखान्यात पाळीवर जाताना मोबाईल लॉकरमध्ये ठेवावा लागतो, ही साधी गोष्ट मला ठाऊक असूनही आठवली नव्हती. पण ते नुसते कारण झाले. त्यांच्या मनातली सल वेगळीच होती. त्यांचे वडील गावी वारले तेव्हा सुरतेहून येणाऱ्या भावासाठी रात्रभर मयत ठेवली होती. ज्याच्यासाठी थांबायचे तो आपला, अशी त्यांच्या घराची रीत. आम्ही थांबलो नाही, याचा त्यांनी लावलेला अर्थ असा की, आपली गणना घरच्यांत नव्हती. आणि ज्याचे अंत्यदर्शन घेतले नाही, ज्याला खांदा दिला नाही, त्याच्या दारात कोणत्या तोंडाने जावे, ही लाज त्यांना अडवून बसली होती.

आमच्या दृष्टीने मयत घरात ताटकळत ठेवणे हा अनादर, तर त्यांच्या दृष्टीने ती घाईने उचलणे हा कोरडेपणा. दुःख एकाच माणसाचे, एकाच मजल्यावर, समोरासमोरच्या दोन दारांमागे. आणि दोन्हीकडे एकमेकांविरुद्धचा खटला निकालात निघालेला. आषाढी वारीच्या दिवसांत तुकोबांची पालखी आकुर्डीहून पुण्याकडे मुंबई-पुणे रस्त्याने जाते, तेव्हा वारकऱ्यांना पाणी वाटणे चांगलेच आहे. पण ते त्या मानाने सोपे आहे. समोरच्या दाराचा अबोला समजून घेणे अवघड.

दिव्य कुरआनात सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत श्रद्धावंतांना आदेश आहे की, एखादा अविश्वसनीय मनुष्य बातमी घेऊन आला तर तिची शहानिशा करावी, अन्यथा अजाणतेपणी एखाद्या समूहाला इजा पोहोचवून नंतर पश्चात्ताप करण्याची वेळ येईल. या शहानिशेसाठी मूळ शब्द 'तबय्युन' या धातूतून आला आहे. त्याचा अर्थ एखादी गोष्ट स्पष्ट होईपर्यंत उलगडून पाहणे. आपल्याकडे ही आयत अफवांच्या संदर्भात नेहमी सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. परंतु मुफस्सिरांच्या मोठ्या गटाने तिच्या अवतरणाची जी पार्श्वभूमी नोंदवली आहे, ती अधिक बारकाईने वाचण्यासारखी आहे.

बनू मुस्तलिक या कबिल्याने इस्लाम स्वीकारल्यावर प्रेषितांनी (स.) वलीद बिन उक्बा यांना जकात वसूल करण्यासाठी त्यांच्याकडे पाठविले. अज्ञानकाळात वलीद आणि त्या कबिल्यात वैर होते. प्रेषितांचा प्रतिनिधी येत आहे हे कळल्यावर कबिल्याचे लोक त्याच्या स्वागतासाठी जमावाने वस्तीबाहेर आले. वलीद यांनी तो जमाव पाहिला आणि हे आपल्याला ठार मारायला निघाले आहेत असे समजून ते माघारी फिरले. मदीनेत येऊन त्यांनी सांगितले की, त्या लोकांनी जकात नाकारली आहे. प्रकरण लष्करी कारवाईपर्यंत येऊन ठेपले होते. कबिल्याचे प्रतिनिधी स्वतः मदीनेत आले तेव्हा खरी हकीकत उघड झाली.

यात जमाव खोटा नव्हता. लोक खरोखरच बाहेर आले होते. डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट बरोबर आणि तिचा अर्थ पूर्णतः चुकीचा, असे हे प्रकरण आहे. मधली जागा जुन्या वैराने आणि भीतीने भरून काढली. म्हणून 'मी स्वतः पाहिले आहे' एवढे म्हटल्याने तबय्युनची जबाबदारी संपत नाही. माणूस काय करतो हे डोळ्यांना दिसते, तो ते का करतो हे दिसत नाही. आणि त्या 'का'चे उत्तर आपली भीती, आपला अपमान किंवा आपली शिसारी न विचारता देऊन टाकते. याच सूरहच्या बाराव्या आयतीत बरेचसे तर्क-कुतर्क टाळण्यास सांगून काही संशय पाप ठरविले आहेत, ते याच ठिकाणी लागू पडते.

आधुनिक मानसशास्त्रही अलीकडे याच दिशेने प्रयोग करीत आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले की, चिंताग्रस्त अवस्थेतील माणूस दुसऱ्याच्या जागेवरून पाहण्यात अधिक चुकतो. तो आपल्याच दृष्टिकोनाला घट्ट धरून बसतो. शिकागो विद्यापीठातील आणखी एक प्रयोग २००७ मधील आहे. दोन व्यक्ती एका खणांच्या मांडणीच्या दोन बाजूंना बसतात. काही खण एका बाजूने झाकलेले असतात. पलीकडची व्यक्ती एखादी वस्तू हलविण्यास सांगते. तेव्हा तिला न दिसणाऱ्या खणातील वस्तूकडे अलीकडच्याची नजर जाते का, हे नोंदविले गेले. चीनमधून आलेल्या विद्यार्थ्यांची नजर त्या वस्तूकडे फारशी वळली नाही. अमेरिकन विद्यार्थी मात्र वारंवार घोटाळले. दुसऱ्याला काय दिसते याकडे आपोआप लक्ष देण्याची सवय संस्कृती लावते, असा त्यातून निघणारा अर्थ. आपण पौर्वात्य म्हणून यावर खूश होण्याचे कारण नाही. खणातील वस्तू हलविणे वेगळे आणि शेजाऱ्याच्या मौनाचा अर्थ लावणे वेगळे. पहिल्यात दोघांची भाषा एक असते. दुसऱ्यात एकाच कृतीचे दोन शब्दकोश असतात.

मग मार्ग कोणता? कुरआनने दोन गोष्टी शिकविल्या आहेत, आणि दोन्ही आरंभी स्वतःकडेच नेतात.

पहिली सूरह निसाच्या चौऱ्याण्णवाव्या आयतीत आहे. अल्लाहच्या मार्गात बाहेर पडलेल्या श्रद्धावंतांना तेथे बजावले आहे की, कोणी सलाम केला तर ऐहिक लाभाच्या मोहाने त्याला तू ईमानधारक नाहीस असे म्हणू नका. इथेही शब्द तबय्युनचाच, तोही एकाच आयतीत दोनदा. आणि मध्ये एक आठवण दिली आहे : तुम्हीही पूर्वी असेच होतात, नंतर अल्लाहने तुमच्यावर कृपा केली. म्हणजे दुसऱ्याला समजून घेण्यासाठी आपलाच जुना काळ उघडून पाहावा.

दुसरी गोष्ट इफ्कच्या प्रकरणातील आहे. उम्मुल मोमिनीन आदरणीय आयशा (रजि.) यांच्यावर कपटी लोकांनी आळ घेतला, तेव्हा आदरणीय अबू अय्यूब अन्सारी (रजि.) यांनी आपल्या पत्नीला विचारले की, तू असे केले असतेस काय? त्या म्हणाल्या, कदापि नाही. मग आयशा तर तुझ्याहून श्रेष्ठ आहेत, असे ते म्हणाले. सूरह नूरच्या बाराव्या आयतीत श्रद्धावंत स्त्री-पुरुषांनी आपल्याच माणसांविषयी चांगला विचार का केला नाही, असा जो सवाल आहे, त्याचे हे जिवंत उदाहरण म्हणून मुफस्सिर या संवादाचा उल्लेख करतात.

स्वतःला दुसऱ्याच्या जागी ठेवून पाहण्याची ही रीत उत्तम आहे. पण, वाचकहो, तिला एक मर्यादा आहे, आणि माझ्या मते आपल्या बहुतेक उपदेशांत ती सांगायची राहून जाते. अबू अय्यूब (रजि.), त्यांच्या पत्नी आणि आदरणीय आयशा (रजि.) हे एकाच मदीनेतील, एकाच श्रद्धेचे, एकाच घरगुती रीतीचे लोक होते. तिथे 'मी असतो तर' हा मापदंड बरोबर बसला. मी त्या तीन दिवसांत हेच केले होते. मी स्वतःला शेजाऱ्याच्या जागी ठेवले आणि म्हणालो : मी असतो तर चार वाजता पाळीवरून उतरल्याबरोबर धावत आलो असतो. गणित अचूक होते, पण त्यांच्या जागी उभा होतो तो मीच, माझ्या साऱ्या संस्कारांसकट. अंत्यदर्शन चुकल्याची लाज म्हणजे काय, हे माझ्या संस्कारांत नव्हतेच. जिथे रीत बदलते तिथे कल्पना कितीही प्रामाणिक असली तरी ती अपुरी पडते. तिथे विचारावे लागते.

आपली आवड-नावड आणि सत्य यांतील फरक प्रेषितांनी (स.) किती स्पष्ट ठेवला, हे पाहण्यासारखे आहे. उम्मुल मोमिनीन आदरणीय मैमूना (रजि.) यांच्या घरी भाजलेला 'दब्ब' वाढण्यात आला. हा वाळवंटातील घोरपडीसारखा दिसणारा प्राणी. तो काय आहे हे कळल्यावर प्रेषितांनी हात मागे घेतला. आदरणीय खालिद बिन वलीद (रजि.) यांनी विचारले की, हे हराम आहे काय? उत्तर मिळाले की, नाही. माझ्या लोकांच्या प्रदेशात तो नसतो, म्हणून मला त्याची रुची वाटत नाही. खालिद (रजि.) यांनी तो पुढे ओढून खाल्ला आणि प्रेषित पाहत राहिले. या प्राण्याविषयीच्या फिकही मतभेदांत आपल्याला शिरायचे नाही. लक्ष द्यायचे ते त्या वाक्याच्या रचनेकडे. किळस ही माणसाच्या सर्वांत हट्टी भावनांपैकी एक आहे. ती नेहमी धर्माचा किंवा नीतीचा पोशाख घालून येते. इथे तिला तिचा खरा पत्ता देण्यात आला : ही माझ्या प्रदेशाची सवय आहे. आपल्या सोसायट्यांतील स्वयंपाकाच्या वासावरून होणारे किती तंटे, दोन्ही बाजूंनी, एवढे एक वाक्य उच्चारल्याने थंड झाले असते!

सामाजिक भावनेसाठी कुरआनने एक नेमका शब्द योजला आहे : 'हमिय्यत'. सूरह फत्हच्या सव्विसाव्या आयतीत हुदैबियाच्या संदर्भात म्हटले आहे की, नाकारणाऱ्यांनी आपल्या अंतःकरणात अज्ञानकाळाची हमिय्यत, म्हणजे समूहाचा खोटा ताठा, बाळगली. तर अल्लाहने आपल्या प्रेषितावर आणि श्रद्धावंतांवर 'सकीनत', म्हणजे शांती, उतरविली. हिजरी ६, इसवी सन ६२८ मधील तो प्रसंग. तहनामा लिहिताना 'अल्लाहचे प्रेषित मुहम्मद' या शब्दांना कुरैशांचे प्रतिनिधी सुहैल बिन अम्र यांनी हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे की, आम्ही तुम्हाला अल्लाहचे प्रेषित मानत असतो तर काबागृहापासून तुम्हाला अडविलेच नसते. सहाबांना हा उघड अपमान वाटला, आदरणीय अली (रजि.) यांचा हात ते शब्द खोडायला धजावला नाही. प्रेषितांनी ते स्वतः खोडले आणि 'मुहम्मद बिन अब्दुल्लाह' असे लिहविले. त्याच वेळी, तुम्ही नाकारलेत तरी मी अल्लाहचा प्रेषितच आहे, हेही त्यांनी सांगितले. सुहैल यांचा दावा असत्य होता, पण त्यांच्या जागेवरून त्यांचा युक्तिवाद सुसंगत होता. दुसऱ्याचा दृष्टिकोन समजणे आणि तो मान्य करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद ज्याला कळत नाही, तो एकतर समजून घेण्यालाच घाबरतो किंवा समजून घेता घेता आपली श्रद्धा सैल करतो.

तह झाल्यावर प्रेषितांनी कुरबानी करून मुंडन करण्यास सांगितले, तेव्हा सहाबा जागचे हलले नाहीत. वरवर ही अवज्ञा होती. तंबूत उम्मुल मोमिनीन आदरणीय उम्मे सलमा (रजि.) यांनी त्या स्तब्धतेत दुःख ओळखले. त्यांनी सुचविले की, कोणाशी काही न बोलता आपण स्वतः कुरबानी करावी आणि केस उतरवावेत. तसे होताच सारे उठले. उपवास सोडण्यासाठी बसलेल्या माणसाच्या तोंडचा घास काढून घ्यावा, तशी त्या लोकांची मनःस्थिती होती. काबागृह समोर असताना त्यांना परतायचे होते. उम्मे सलमा (रजि.) यांनी कृतीवर शिक्का मारण्याआधी तिच्यामागचे मन पाहिले.

आता आपल्या काळाकडे येऊ. मार्च २०२० मध्ये दिल्लीच्या निजामुद्दीन येथील तबलीगी मरकजच्या बातम्या आल्या आणि महामारीने भेदरलेल्या समाजाला आपल्या भीतीसाठी एक चेहरा मिळाला. ओळखीचे भाजीवाले एका रात्रीत संशयित झाले. अहमदनगर जिल्ह्यात परदेशी तबलीगींवर दाखल झालेले गुन्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी रद्द केले आणि या लोकांना बळीचा बकरा करण्यात आले असावे, असा अभिप्राय नोंदविला. हे आपण सर्वांना सांगतो आणि सांगितलेच पाहिजे. मात्र त्याच महिन्यांत देशाच्या काही भागांतील आपल्या वस्त्यांमध्ये तपासणीसाठी दारात आलेल्या आशा सेविकांकडे, या नागरिकत्वाची नोंद करायला आल्या आहेत अशा समजुतीने पाहिले गेले, त्यांना परत पाठविले गेले. ती भीतीही निराधार आकाशातून पडली नव्हती, तिच्यामागे आदल्या हिवाळ्याचा अनुभव होता. तरी वही घेऊन दारात उभी असलेली ती बाई तुटपुंज्या मानधनावर स्वतःचा जीव धोक्यात घालून आली होती, हे आपल्याला दिसले नाही. वलीद यांना जमाव दिसला होता, तसेच आपल्याला वही दिसली. सूरह माइदाच्या आठव्या आयतीत एखाद्या समूहाचे वैर तुम्हाला अन्यायाकडे नेऊ नये असे जे बजावले आहे, ते आपल्यावर झालेल्या अन्यायाच्या काळातही लागू असते. किंबहुना तेव्हाच त्याची कसोटी लागते.

पुन्हा शेजाऱ्यांकडे जातो. त्यांच्या घरातून परतल्यावर मला एक हदीस आठवली, जी मी अनेकदा वाचली होती, पण या अंगाने कधी नाही. मस्जिदे नबवी झाडणारी एक कृष्णवर्णीय स्त्री होती. काही कथनांत तो पुरुष होता असे आहे. ती दिसेनाशी झाली तेव्हा प्रेषितांनी चौकशी केली. ती वारली आणि दफनही झाले, असे सहाबांनी सांगितले. जणू तिच्या मृत्यूची बाब त्यांना फारशी महत्त्वाची वाटली नव्हती. प्रेषितांनी विचारले की, तुम्ही मला कळविले का नाही? मग ते म्हणाले, मला तिची कबर दाखवा. आणि तेथे जाऊन त्यांनी तिच्यासाठी नमाज अदा केली.

शेजाऱ्यांचा प्रश्न अक्षरशः हाच होता. जनाजा लवकर नेण्याचा आदेश आहे. न कळविण्याचा आदेश कोठेही नाही. आणि धर्म निराळा असल्याने अशा प्रसंगी शेजाऱ्याला नाते उरत नाही, असे कोणी म्हणत असेल तर त्याने दुसरी हदीस पाहावी. एका यहुदी माणसाची अंत्ययात्रा जवळून जात असता प्रेषित उभे राहिले. हा तर यहुदी आहे, असे कोणी म्हणाले. तेव्हा, तो एक जीव नव्हता काय, असा प्रतिप्रश्न त्यांनी केला. कादिसिया येथे आदरणीय सहल बिन हुनैफ (रजि.) आणि आदरणीय कैस बिन साद (रजि.) एका बिगर-मुस्लिमाच्या अंत्ययात्रेसाठी उठून उभे राहिले, तेव्हा त्यांनी हाच प्रसंग सांगितला होता.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी त्यांना घेऊन कब्रस्तानात गेलो. चपला बाहेर काढाव्यात काय, हात जोडले तर चालेल काय, असे त्यांनी फाटकापाशीच विचारले. ओल्या मातीजवळ ते बराच वेळ उभे होते.

पुढच्या वर्षी त्यांच्या मातोश्री गेल्या. सुतकात त्यांच्या घरी केव्हा जावे, काय न्यावे, धार्मिक विधी चालू असताना आम्ही कोठे थांबावे, हे आता मी तर्काने ठरविले नाही, विचारले. विधींत आमचा सहभाग असणार नाही, हेही संकोच न करता सांगितले. त्यांना त्याचे वाईट वाटले नाही. पहिल्या दिवशीचे जेवण आमच्या घरून गेले. आदरणीय जाफर (रजि.) शहीद झाल्यावर त्यांच्या घरच्यांसाठी जेवण तयार करा, असे प्रेषितांनी सांगितले होते, आणि त्यांच्याकडे शेजारच्या घरून पिठले-भाकरी येण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची. या एका बाबतीत दोन्ही शब्दकोशांत एकच शब्द निघाला.

आमच्या घरी निरोप कळविण्याची जी यादी भिंतीवर लावलेली आहे, तिच्यात आता त्यांच्या मोबाईलखाली कारखान्याच्या सुरक्षा केबिनचा दूरध्वनी क्रमांकही लिहिलेला आहे.